येऊन पडला की जाऊन पडला? – वर्णनातले व्याकरण



या पानासाठी तुमच्याकडून जे लिखाण येते, त्यात सहलीच्या वर्णनांचा भरणा सर्वांत जास्त असतो. लखनौत शिकायचे म्हणजे रेसिडेन्सी, बडा इमामबाडा आणि रूमी दरवाजा यांची वारी ठरलेलीच. या खेपेला आलेल्या एका निबंधातली चार वाक्ये पाहा:

‘रेसिडेन्सी ही खूप सुंदर आणि ऐतिहासिक वास्तू आहे. तिच्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खूप खुणा आहेत. तेथे खूप शांतता होती. आम्हाला खूप आनंद झाला.’

यात चूक एकही नाही. ऱ्हस्वदीर्घही बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही वाक्ये साताऱ्याला घरी बसून, रेसिडेन्सीचे तोंडही न पाहता लिहिता आली असती. लिहिणारा तेथे गेला होता याचा पुरावा त्यात नाही. वर्णन जिवंत झाले, असे आपण म्हणतो तेव्हा वाचणाऱ्याला खात्री पटलेली असते की हा माणूस त्या जागी उभा होता. तुम्ही ज्या पेशाकडे निघाला आहात, त्यात तर एक जण पाहतो, तो दुसऱ्याला सांगतो आणि ज्याने पाहिलेले नाही तो त्या सांगण्यावर निर्णय घेतो. तेव्हा हा विषय केवळ निबंधाच्या गुणांपुरता नाही.

वर्णन म्हटले की बहुतेक जण विशेषणांचा डबा उघडतात. विशेषणांचे आधी थोडक्यात उरकून घेऊ. मराठीत रंगाच्या जोडशब्दांची चंगळ आहे, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पोपटाची चोच लालचुटूक, रागावलेल्या माणसाचे डोळे लालबुंद, जत्रेतला झेंडा लालभडक. रेसिडेन्सीची जुनी वीट यांपैकी काहीच नाही. ती फार तर लालसर किंवा तांबूस. ‘सर’ लावला की रंगाची छटा हलकी होते. ‘ट’ लावला की बहुतेक वेळा जराशी नापसंती येते: काळपट, मळकट, तेलकट. ‘खूप’ हा शब्द मात्र काहीच दाखवत नाही. खूप खुणा म्हणजे किती? पाच की पन्नास?

मराठीचे खरे बळ आहे ते क्रियापदात आणि क्रियापदापासून तयार होणाऱ्या शब्दांत. व्याकरणात त्यांना धातुसाधिते म्हणतात. ‘पड’ हा एकच धातू घ्या. पडकी भिंत, पडलेली भिंत, पडणारी भिंत, पडायला आलेली भिंत. पडकी भिंत म्हणजे मोडकळलेली, कित्येक वर्षे तशीच उभी असलेली. पडलेली भिंत म्हणजे क्रिया संपली, ढिगारा उरला. पडणारी भिंत पुढे केव्हातरी पडेल. पडायला आलेली भिंत आता, तुमच्या डोळ्यांसमोर, कोणत्याही क्षणी. पडलेल्या भिंतीआड सेक्शनला दबा धरून बसता येते. पडायला आलेल्या भिंतीआड कोणी आपली माणसे बसवणार नाही. फरक केवढा, आणि तो दाखवायला वेगळे विशेषण शोधावे लागले नाही.

आता निबंधातले दुसरे वाक्य परत घ्या. ‘भिंतींवर खुणा आहेत.’ ‘आहे’ने संपणारे वाक्य फोटोसारखे स्थिर असते. तेथे काय घडले हे त्यातून कळत नाही. मी त्या कॅडेटला विचारले, ‘खूण म्हणजे नेमके काय दिसले?’ तो थोडा वेळ गप्प बसला, मग बोलत गेला. त्याचे बोलणे मी लिहून घेतले ते असे: ‘भिंतीचा गिलावा उडालेला आहे. खालच्या लखौरी विटा उघड्या पडल्या आहेत. एके ठिकाणी ताटाएवढा खळगा आहे, त्यात चिमणीने काड्या आणून ठेवल्या आहेत.’ उडालेला, उघड्या पडलेल्या, आणून ठेवलेल्या. प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी घडले आणि त्याचा परिणाम आजही दिसतो आहे. ‘-लेला’ या रूपाचे काम तेच. लखौरी म्हणजे अवधच्या जुन्या बांधकामातली पातळ, लहान वीट. हा शब्द त्याला लखनौनेच दिला. हे सगळे त्याने पाहिले होते. लिहिताना मात्र ‘ऐतिहासिक वास्तू’ आडवी आली.

धातुसाधितांतली आणखी एक जोडी लक्षात ठेवा. ‘तो धावत आला’ आणि ‘तो धावून आला’. पहिल्यात त्याची चाल दिसते. दुसऱ्यात तो मदतीला आला हे कळते. प्रत्यक्षात तो सायकलवरून आला असेल तरी चालेल. ‘हसत म्हणाला’मध्ये हसणे आणि बोलणे बरोबर चालले आहे. ‘हसून म्हणाला’मध्ये आधी हसला, मग बोलला. ‘धावताना पडला’ ही बातमी झाली, ‘धावता धावता थांबला’ म्हटले की पाय अजून हलताना दिसतात. आणि ‘बसल्या बसल्या’ हे तर मराठीचे लेणेच: बसल्या बसल्या त्याने सगळ्यांचे बूट पॉलिश करून टाकले.

या ‘टाकले’कडे वळू. संयुक्त क्रियापद हा वर्णनातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धारदार पदार्थ आहे. होस्टेलमध्ये घरचे पत्र आले आहे, एवढा एकच प्रसंग घ्या. त्याने पत्र वाचले. यातून काही कळत नाही. त्याने पत्र वाचून टाकले: कटकट होती, संपवली. वाचून काढले: पत्र लांबलचक होते, पण तो शेवटपर्यंत गेला. वाचून दाखवले: भोवती मित्र जमले होते. वाचून पाहिले: पत्र मिळाले तेव्हा त्याला काहीतरी शंका होती. वाचत बसला: पीटीची शिट्टी झाली तरी उठला नाही. पुन्हा पुन्हा वाचत राहिला: याचे कारण मी सांगायला नको. मुलाच्या मनात काय चालले होते हे एकदाही ‘दुःखी’, ‘आनंदी’, ‘उत्सुक’ असे न म्हणता कळले.

येथे लखनौकर मराठी मुलांसाठी एक सूचना. वर्गात, मेसमध्ये, मैदानावर दिवसभर कानावर हिंदी असते आणि तिचे ‘पढ़ लिया’, ‘खा लिया’ मराठीत सरळ चालत येते. ‘मी पत्र वाचून घेतले’, ‘मी खाऊन घेतले’ अशी वाक्ये मला दर महिन्याला दिसतात. मराठीत ‘वाचून घेतले’ला स्वतःचा अर्थ आहे. परीक्षेच्या आधी वेळ मिळाला तेवढ्यात धडा वाचून घेतला, असे आपण म्हणतो. किंवा आजीला अक्षर लागत नव्हते म्हणून तिने शेजारच्या मुलीकडून पत्र वाचून घेतले. सगळीकडे ‘घेतले’ जोडले की वर सांगितलेली टाकणे-काढणे-दाखवणे-पाहणे ही सगळी हत्यारे कोठारातच पडून राहतात.

हिंदीच्या सहवासात दुसरी हरवणारी वस्तू म्हणजे नपुंसकलिंग. हिंदीत ते नाहीच. मग ‘तो झाड’, ‘तो घर’ सुरू होते. ही चूक तर आहेच, पण तोटाही आहे. ‘रस्त्यात कुत्रा आडवा आला’ आणि ‘रस्त्यात कुत्रे आडवे आले’ यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात अंधार आहे, घाई आहे. कुत्रा की कुत्री हे पाहायला वेळच नव्हता. एका मात्रेत एवढे सांगता येत असेल तर ती मात्रा का सोडावी?

आता आवाज. बड्या इमामबाड्याचा मधला दिवाणखाना तुम्ही पाहिला आहे. नवाब आसफउद्दौला याने १७८४ साली दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम सुरू केले. दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. एका टोकाच्या सज्जात गाइड काडी ओढतो आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या तुम्हाला ती ऐकू येते. सगळ्या निबंधांत याचे वर्णन ‘आवाज स्पष्ट ऐकू आला’ असे आहे. कोणता आवाज? काडीचा ‘चर्र’, मग पेट घेताना ‘फस्स’. कागद फाडला तर ‘टर्र’. तेवढे एक अक्षर लिहिले की वाचणारा त्या सज्जात जाऊन उभा राहतो.

मराठीत अशा अनुकरणवाचक शब्दांची नुसती गर्दी नाही, त्यांना शिस्तही आहे. ‘कन्’ लागले की आवाज एकदाच आणि अचानक: धाडकन्, खाडकन्, टर्रकन्. शब्दाची द्विरुक्ती झाली की आवाज चालू राहतो: धडधड, खडखड. मध्ये ‘आ’ आला की एकामागून एक, वेगाने: धडाधड, खटाखट. शेवटी ‘आट’ आला की आवाजाने जागा भरून जाते: गडगडाट, कडकडाट, खणखणाट. दार धाडकन् लागले. छाती धडधडत होती. फैरी धडाधड सुटल्या. ढगांचा गडगडाट झाला. परेड ग्राउंडवरचे उदाहरण तर रोजचे आहे. ‘थम’ म्हटल्यावर सगळ्या कंपनीचे बूट एकदम पडले तर ‘खाड्’. एकाचा पाय मागे राहिला तर ‘खाड्-खट्’. सगळेच मागेपुढे असले तर नुसती खडखड. ड्रिल उस्ताद पाठ फिरवून उभे असले तरी त्यांना काय झाले ते कळते, ते यामुळेच.

कॅप्टन मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. म्हणजे इकडे रेसिडेन्सीला वेढा पडला त्याच वर्षाची. मोल्सवर्थ स्वतः फौजेतला अधिकारी होता. त्याचा कोश ‘क’ किंवा ‘ख’ या अक्षरापाशी उघडून पाहा. अशा शब्दांचे बारीक बारीक भेद त्याने किती चिकाटीने नोंदवले आहेत ते दिसेल. परक्या माणसाला जे टिपून ठेवावेसे वाटले, ते आपण ‘खूप आवाज झाला’ म्हणून सोडून देतो.

काळाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती घराविषयी लिहिताना उपयोगी पडते. ‘आजी पहाटे उठे, अंगणात सडा घाली, मग देवापाशी बसे.’ याला रीतिभूतकाळ म्हणतात. हिंदीत ‘उठा करती थी’ असे तीन शब्द लागतात. मराठीत एका ‘उठे’मध्ये शेकडो पहाटा मावतात. बोलताना आपण ‘उठायची, घालायची, बसायची’ म्हणतो, तेही चालेल. पण ‘आजी पहाटे उठली, सडा घातला, बसली’ असे लिहिले की ती एकाच दिवशीची हकिकत होते. रोजचे आणि एकदाच घडलेले, हे वेगळे ठेवता आले पाहिजे. रोज नऊ वाजता गस्त येई, आणि त्या रात्री गस्त आली नाही. गोष्ट सुरू झाली!

शीर्षकातल्या प्रश्नाकडे आता येतो. ३० जून १८५७ ला चिनहटला इंग्रजांच्या तुकडीचा पराभव झाला आणि ती मागे हटून रेसिडेन्सीत शिरली. वेढा सुरू झाला. २ जुलैला हेन्री लॉरेन्स ज्या खोलीत होता तेथे तोफेचा गोळा फुटला, तो जबर जखमी झाला आणि ४ जुलैला वारला. याच महिन्यात शहरात बेगम हजरत महल यांचा मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवण्यात आले. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रम आत पोहोचले, पण तेही आतच अडकले. नोव्हेंबरात कॅम्पबेलच्या फौजेने आतल्या लोकांना बाहेर काढले. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा घेतले.

दोन जुलैच्या त्या घटनेचे वाक्य लिहा बरे. एका कॅडेटने लिहिले, ‘गोळा खोलीत येऊन पडला.’ दुसऱ्याने लिहिले, ‘गोळा खोलीत जाऊन पडला.’ दोन्ही शुद्ध मराठी. घटना एकच. पण पहिला कॅडेट खोलीच्या आत उभा आहे आणि दुसरा बाहेर, तोफेजवळ. ‘येऊन’ आणि ‘जाऊन’ या दोन शब्दांनी लिहिणाऱ्याची जागा ठरवून टाकली. दोघांनाही मी विचारले, तुम्ही हे मुद्दाम केले का? दोघेही म्हणाले, नाही, सहज लिहिले गेले. सहज लिहिले जाते म्हणूनच याकडे लक्ष हवे. रेसिडेन्सीच्या वेढ्याची जी वर्णने जगभर वाचली गेली, ती बहुतेक आत अडकलेल्या इंग्रजांनी लिहिलेली आहेत. त्यांत गोळा नेहमी ‘येऊन’ पडतो. बाहेरच्या तोफांवरच्या शिपायांची, ज्यांतले कित्येक याच अवधच्या गावांतले होते, त्यांची ‘जाऊन’ पडल्याची हकिकत फारशी लिहिली गेली नाही. आणि तेवढ्यावरून आत फक्त इंग्रज होते असेही समजू नका. कंपनीच्या बाजूने लढणारे हिंदी शिपाईही आत होते. त्यांच्यासाठीही तो गोळा ‘येऊन’च पडला. कोणाच्या जागेवरून लिहायचे हे तुम्ही ठरवा, पण ठरवून लिहा. एका परिच्छेदात ‘येऊन’ आणि पुढच्यात ‘जाऊन’ असे झाले, तर वाचणारा भिंतीवरून इकडून तिकडे उड्या मारत राहतो.

मराठीतले असे आतल्या जागेवरून केलेले वर्णन वाचायचे असेल तर विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. सैनिक नव्हते, इतिहासकारही नव्हते. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहिल्या आणि त्या १९०७ साली छापल्या गेल्या. पाहिलेल्या गोष्टींच्या बरोबरीने वाटेत ऐकलेल्या गोष्टीही त्यात आहेत, आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला त्या दोन्ही वेगळ्या कराव्या लागतात.

वेगळे करण्यासाठी मराठीने एक लहानसा शब्द दिला आहे: म्हणे. भूलभुलैयातला गाइड सांगतो की येथून भुयार थेट गोमतीपर्यंत जाते. बहुतेक निबंधांत लिहिलेले असते, ‘येथून भुयार गोमतीपर्यंत जाते.’ तुम्ही त्या भुयारातून चालत गेलात का? नाही. मग ‘भुयार म्हणे गोमतीपर्यंत जाते’ असे लिहा. वाक्य कमी रंगतदार होत नाही. उलट त्यात गाइडचा आवाज आणि तुमची उंचावलेली भुवई दोन्ही येतात. आता हेच दुसरीकडे लावून पाहा. ‘पुलापलीकडे चार ट्रक आहेत’ आणि ‘पुलापलीकडे चार ट्रक आहेत म्हणे’. पहिले तुम्ही दुर्बिणीतून पाहिले. दुसरे कोण्या गुराख्याने सांगितले. ज्याला हे ऐकून माणसे पुढे पाठवायची आहेत, त्याच्या दृष्टीने ट्रकच्या रंगापेक्षा त्या ‘म्हणे’ची किंमत जास्त आहे.

अंदाजाच्याही पायऱ्या आहेत. खिडकीत दिवा दिसतो आहे. तो जागा असावा. खूण पाहून काढलेला हा अनुमान. तो जागा असेल: नुसता अंदाज. तो जागा असणारच: खात्री, पण अजून पाहिलेले नाही. तो जागा आहे: पाहिले. चार रूपे, चार जबाबदाऱ्या. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ज्या शिक्षकांच्या हाताशी असेल, त्यांनी क्रियापदांच्या रूपांची प्रकरणे मुलांबरोबर सवडीने चाळावीत. पुस्तक जाड आहे, पण घाबरण्याचे कारण नाही.

पालकांसाठी दोन ओळी. मुलाच्या पत्रात किंवा फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच आले, तर ‘आणखी सांग’ म्हणू नका. ‘काल रात्री झोपताना कोणता आवाज येत होता?’ असे विचारा. उत्तर क्रियापदातच येईल.

पुढच्या अंकासाठी अभ्यास: जेवणाच्या घंटेपूर्वीची पाच मिनिटे मेसच्या दारात उभे राहा आणि दहा वाक्ये लिहा. ‘खूप’, ‘सुंदर’ आणि ‘छान’ यांना प्रवेश नाही. ‘आहे’ने संपणारी वाक्ये दोनपेक्षा जास्त नकोत. आवाजाचा एक शब्द हवा, आणि तो तुम्ही त्या वेळी ऐकलेला हवा. तुम्ही दाराच्या आत आहात की बाहेर, हे कोठेही न सांगता कळले पाहिजे. आज जेवणात काय आहे हे स्वयंपाकघरात डोकावून पाहिले नसेल, तर तेथे ‘म्हणे’ घाला. पाने ग्रंथालयातल्या मराठी पानाच्या फाइलमध्ये ठेवा, नाव आणि हाऊस मागच्या बाजूला.